शार्पला असईला परत आणा : मालिकेच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
'शार्प' मालिकेचे निर्माते आणि आयटीव्ही वाहिनी, लंडन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याबरोबर ते माझ्या माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे. तुम्ही मराठ्यांचं एक राज्य पडद्यावर उभं केलंत. तेव्हा मराठीत आलेलं एक पत्र कुणाकडून तरी वाचून घ्याल, अशी आशा आहे.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने १९८१ पासून रिचर्ड शार्प या सैनिकावर कादंबऱ्या लिहिल्या. लंडनच्या गल्लीबोळात वाढलेला, आईबापाविना असलेला हा पोरगा लष्करात भरती होतो, साध्या शिपायापासून चढत चढत अधिकारी होतो आणि जन्माने साहेब असलेल्यांच्या डोळ्यांत आयुष्यभर सलत राहतो. आयटीव्हीने या कादंबऱ्यांवर १९९३ ते १९९७ या काळात १४ चित्रपट दाखवले. शॉन बीन शार्प झाला, टॉम क्लेग यांनी दिग्दर्शन केलं. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या नेपोलियनविरुद्धच्या लढाया, मळलेले हिरवे कोट, भुकेले शिपाई, पैशाने पद विकत घेणारे अधिकारी हे सगळं इतक्या सच्चेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल. मी ही मालिका मनापासून पाहिली आहे आणि आजही पाहते. म्हणूनच मन जास्त दुखतं.

मी अंजनगाव सुर्जीची. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाला एकच ओळ मिळते. ३० डिसेंबर १८०३ या दिवशी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात इथे तह झाला. कंपनीच्या बाजूने तो करणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे तुमचा पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आमच्या उत्तरेला डोंगरावर गाविलगड आहे. तो वेलस्लीने १५ डिसेंबरला घेतला आणि दोनच दिवसांत देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह केला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली होती, आणि त्याही आधी २३ सप्टेंबरला असईची. आमच्या भागातल्या माणसाला ही नावं एसटीच्या पाट्यांवर दिसतात. तुमच्या नायकाचं आयुष्य याच नावांतून घडलेलं आहे.

कॉर्नवेल यांनी १९९७, १९९८ आणि १९९९ या तीन वर्षांत शार्पच्या तरुणपणावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यावर, दुसरी असईवर, तिसरी गाविलगडावर. तिन्ही हाताशी असताना तुम्ही २००६ मध्ये 'शार्प्स चॅलेंज' हा दोन भागांचा चित्रपट घेऊन भारतात आलात. तो आला तेव्हा मला वाटलं, आता असई दिसणार, गाविलगडाची खिंड दिसणार. दिसला तो फेरागढ नावाचा किल्ला, जो कुठल्याच नकाशात नाही. दिसला खंडेराव नावाचा राजा, जो कधी झालाच नाही. साल १८१७. सुरुवातीला १८०३ मधला एक प्रसंग येतो, पण असईचं रणांगण येत नाही. चित्रीकरण राजस्थानात, वाडे राजस्थानी. कॉलेजात मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्यातल्या एकीने तो पाहून मला विचारलं, "मॅडम, फेरागढ आपल्या विदर्भात कुठे येतो?" तिचा प्रश्न रास्त होता. चित्रपट मराठ्यांविषयी बोलतो आणि कुठेही सांगत नाही की हे मराठे कल्पनेतले आहेत.

माझी मुख्य तक्रार असईची आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

असई जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या पूर्वेला. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं छोटं गाव. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन दोन वाटांनी निघाले होते आणि एकत्र येऊन २४ तारखेला हल्ला करायचा, असं ठरलं होतं. पण २३ तारखेलाच वेलस्लीला शिंदे-भोसल्यांचं सगळं सैन्य समोर दिसलं. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास नदीला उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत, आणि ताडलं की उतार असल्याशिवाय माणसं अशी गावं वसवत नाहीत. उतार होता. तिथून तो पलीकडे गेला, आणि मग जे घडलं त्याची त्याला स्वप्नातही कल्पना नसावी.

शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे कवायती पलटणींनी, त्याच्या डोळ्यांदेखत आपला मोर्चा वळवला. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून घडवून घेतलेल्या या कवायती फौजेने, पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, तोफांसकट आपली आघाडी नव्या दिशेला वळवून लावली. हे सोपं काम नव्हे. युरोपातल्या कसलेल्या फौजाही यात कोलमडल्या असत्या. शंभराच्या आसपास तोफा धडधडू लागल्या. असई गावासमोर इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण चुकीच्या वाटेने पुढे गेली आणि जवळजवळ कापली गेली. आणि एक प्रसंग तर इंग्रजांनीच लिहून ठेवला आहे: गोऱ्या पलटणी तोफांवरून पुढे निघून गेल्यावर तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले, त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा इंग्रजांना पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्या दिवशी वेलस्लीच्या मांडीखाली एक घोडा मेला आणि दुसऱ्याला भाला लागला. त्याचे दीड हजारांवर लोक ठार आणि जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणी सांगायचा की लढाईच्या कामात आपण केलेली सर्वांत उत्तम गोष्ट म्हणजे असई.

कॉर्नवेल यांच्या कादंबरीत नेमक्या याच गर्दीत वेलस्ली घोड्यावरून पडतो, आणि सार्जंट शार्प एकटा त्याच्याभोवती लढून त्याचा जीव वाचवतो. याच कामगिरीवर त्याला अधिकाऱ्याचं पद मिळतं. म्हणजे ज्या घटकेला शार्प खऱ्या अर्थाने शार्प होतो, त्या घटकेला त्याच्यासमोर उभे आहेत ते दौलतराव शिंद्यांचे गोलंदाज, जालन्याच्या काळ्या मातीत.

तुमच्या १९९३ च्या पहिल्या चित्रपटात शार्प वेलस्लीला वाचवतो तो फ्रेंच घोडेस्वारांपासून. तेव्हा असईची कादंबरी लिहिलेली नव्हती, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. २००६ मध्ये मात्र ती बाजारात येऊन आठ वर्षं झाली होती. २००८ मध्ये तुम्ही 'शार्प्स पेरिल' काढलात. तीही कथा भारतात घडते आणि तीही कादंबऱ्यांमधली नाही. दोनदा भारतात आलात आणि दोन्ही वेळा असई टाळून गेलात.

याचं कारण मला कळतं. शॉन बीन तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते, १८०३ मधला पंचविशीचा सार्जंट त्यांना करता आला नसता, आणि प्रेक्षकांना शार्प म्हणून दुसरा चेहरा चालला नसता. हे मान्य करते. पण मग १८१७ साल घेतलंत, तर १८१७ तरी खरं घ्यायचं होतं.

ही माझी दुसरी तक्रार. १८१७ हे साल काय होतं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ५ नोव्हेंबरला खडकी. त्याच महिन्याच्या शेवटी नागपूरला सीताबर्डी. २१ डिसेंबरला महिदपूर. नवं वर्ष उजाडलं ते कोरेगावच्या लढाईने, आणि फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. एवढं सगळं घडत असताना तुमच्या कथेत त्यातलं काहीच नाही. आहे एक अल्पवयीन राजा, त्याच्या नावाने कारभार करणारी त्याच्या बापाची रखेल मधुवंती, आणि या दोघांमागे सगळी सूत्रं हलवणारा डॉड नावाचा गोरा फितूर.

आता हे वाचा. यशवंतराव होळकर १८११ मध्ये वारले. त्यांचा मुलगा मल्हारराव लहान होता. त्याच्या नावाने दौलतीचा कारभार पाहत होती तुळसाबाई, यशवंतरावांची रक्षा, म्हणजे रखेल. १८१७ च्या डिसेंबरात तिचा कल इंग्रजांशी बोलणी करण्याकडे होता. लष्करातल्या सरदारांना लढाई हवी होती. २० डिसेंबरला होळकरांच्याच माणसांनी तिला क्षिप्रेच्या काठी नेऊन ठार केलं. दुसऱ्या दिवशी महिदपूरला लढाई झाली आणि अकरा वर्षांच्या मल्हाररावाचं सैन्य हरलं.

खरी गोष्ट तुमच्या पटकथेच्या दारात उभी होती: लहान राजा, कारभार पाहणारी रक्षा, फुटलेला दरबार, समोर कंपनीची फौज. तिच्यात कितीतरी अधिक दुःख होतं, कितीतरी अधिक गुंता होता. तुळसाबाईला कुणी चांगली म्हणो, कुणी वाईट. तिच्याविषयी लिहिणाऱ्या इंग्रजांनी आणि आपल्या लोकांनीही तिच्या चारित्र्यावर भरपूर शाई खर्च केली आहे. पण ती जिवंत बाई होती, तिला राजकारण होतं, आणि त्या राजकारणापायी तिचा जीव गेला. तिच्या जागी तुम्ही नुसती एक कारस्थानी सुंदरी ठेवलीत. एक बाई म्हणून हे मला सर्वांत जास्त लागतं.

आणि तो डॉड. इंग्रजांना सोडून गेलेला एक इंग्रजच मराठ्यांची फौज चालवतो, ही कल्पना कादंबऱ्यांतली आहे आणि तिला आधारही आहे. शिंद्यांच्या कंपूंत युरोपीय अधिकारी होतेच. पण कादंबऱ्यांत डॉडच्या अवतीभवती इतर माणसं आहेत. भोसल्यांचा भाऊ मन्याबापू आहे, गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंह आहे, सरधन्याची सत्ताधारी बेगम समरू हिच्या पलटणी आहेत. डॉडला धनी आहेत आणि त्या धन्यांचे आपसांत मतभेद आहेत. तुम्ही बाकीचे सगळे काढून टाकलेत आणि डॉड ठेवलात. त्यामुळे पडद्यावर दिसतं ते असं की इंग्रजांशी लढायची अक्कल हिंदुस्थानात एका फितूर इंग्रजालाच होती. दोन्हीकडे डोकं इंग्रजांचं, मराठे फक्त मागे उभे. याच मालिकेने फ्रेंच शत्रूला मान दिला, त्यांच्यात शूर आणि सभ्य माणसं दाखवली. तोच न्याय आम्हाला मिळायला हवा होता.

गाविलगडाबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर पत्र संपायचं नाही. मी मुलांना घेऊन दरवर्षी चिखलदऱ्याला जाते. गडावर गेलं की आधी बाहेरचा कोट लागतो, मग मधली खोल खिंड, आणि खिंडीपलीकडे आतला गड. उत्तरेला एक अरुंद दांडा गडाला डोंगराशी जोडतो. त्या बाजूने तोफा लावता याव्यात म्हणून स्टीव्हन्सनच्या लोकांनी अचलपूरकडून डोंगरातून सुमारे ३० मैल रस्ता हाताने केला आणि त्यावरून जड तोफा ओढत नेल्या. मी मुलांना दांड्यावर उभं करते आणि सांगते की इथून भगदाड पाडलं, पण भगदाड पाडून गड मिळाला नाही, कारण पुढे खिंड होती. मुलं खाली वाकून बघतात. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी त्या खिंडीच्या कड्याने वर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला, तेव्हा गड पडला. मग कत्तल झाली आणि बेनीसिंह मारला गेला. कॉर्नवेल यांनी कॅम्पबेलची ती चढाई शार्पला दिली आहे. पण ते कादंबरीच्या शेवटी टिपेत काय खरं, काय बदललं हे वाचकाला सांगतात. ही त्यांची सवयच आहे. तुमच्या चित्रपटात अशी एक ओळही नाही, ही माझी तिसरी तक्रार.

हे लिहिताना मला आमच्याकडेही बोट दाखवायला हवं. मराठी वाहिन्यांनी शिवाजी महाराजांवर, संभाजी महाराजांवर, पेशव्यांवर मालिका केल्या. २००८ मधली 'राजा शिवछत्रपती' घराघरात पाहिली गेली, २०१७ मध्ये सुरू झालेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' तर लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिली. पण १८०३ कडे आमचा कुणीही निर्माता वळलेला नाही. असईला आम्ही हरलो, गाविलगड आम्ही गमावला, शिंदे आणि भोसले रणांगण सोडून गेले आणि होळकर त्या लढाईत आलेच नाहीत. हे दाखवायला आमचा हात धजत नाही. त्यामुळे त्या गोलंदाजांची गोष्ट सांगणारं आज जगात एकच मोठं कथानक आहे, आणि ते एका इंग्रज लेखकाचं आहे. म्हणूनच तुमच्याकडे इतक्या हट्टाने येते आहे. तुमच्याकडे असईची आठवणही आहे. हायलँड लाइट इन्फंट्री या ब्रिटिश पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हत्ती होता आणि त्यासोबत असईचं नाव होतं. ज्या गावाचं नाव तुमच्या शिपायांनी कपाळावर मिरवलं, ते गाव तुमच्या सर्वांत लोकप्रिय युद्धमालिकेत सापडत नाही.

आता मागण्या.

'शार्प्स चॅलेंज' जिथे जिथे आज दाखवला जातो, तिथे सुरुवातीला स्पष्ट पाटी टाका की फेरागढ, खंडेराव आणि मधुवंती काल्पनिक आहेत आणि १८१७ मधल्या मराठा राज्यांचा खरा इतिहास वेगळा आहे. याला खर्च येत नाही. हे याच वर्षी व्हायला हवं.

शार्पवर पुन्हा काही काढायचं ठरलं, आज ना उद्या ते ठरेलच, तर तरुण नटाला घ्या आणि सुरुवात भारतातल्या तीन कादंबऱ्यांपासून करा. श्रीरंगपट्टण, असई आणि गाविलगड ही नावं तशीच ठेवा. शिंदे, भोसले, बेनीसिंह, बेगम समरू ही माणसं माणसं म्हणून लिहा, चांगल्या-वाईटासकट. त्यांच्या हातून इंग्रज मेले हे दाखवा आणि इंग्रजांच्या हातून गाविलगडावर काय झालं तेही दाखवा.

पटकथा लिहिताना मराठी कागद वाचणाऱ्या अभ्यासकांना सोबत घ्या, नुसतं कपड्यांबद्दल विचारायला नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात या काळाचे कागद आहेत आणि ते वाचणारी माणसंही आहेत. दरबारातली माणसं मराठीत बोलू द्या, खाली इंग्रजी अक्षरं टाका. आणि सबंध मालिका मराठी उपशीर्षकांसह उपलब्ध करून द्या. ज्यांच्या गावात ही लढाई झाली त्यांना ती कळली पाहिजे.

चित्रीकरण इथे करा. गाविलगड मेळघाटच्या जंगलात आहे, तिथे वनखात्याचे आणि पुरातत्त्व खात्याचे नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. गडाच्या एकाही दगडाला धक्का लागता कामा नये. तोफा आणि धूर दुसरीकडे उभे करा. पण दांडा, खिंड आणि दोन नद्यांमधलं असईचं रान यांना पर्याय नाही. राजस्थानातला कुठलाही वाडा ते काम करू शकत नाही.

या पत्राचं उत्तर द्यावं ही विनंती. इंग्रजीत दिलंत तरी चालेल, मी त्याचं मराठी करून याच वाचकांसमोर ठेवीन. नकार असेल तर तोही कारणासह कळवावा.

आपली,
एक वाचक आणि प्रेक्षक
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती